नीलम धार्जिणा आहे की नाही, ठरवायचं कुणी?

२९ मार्च २०२५ ला शनी मीन राशीत गेला आणि मेष राशीच्या आमच्या दादाची साडेसाती सुरू झाली. बँकेच्या हप्त्यांची त्याआधीच दोन वर्षं चालू होती म्हणा, पण आता तिच्यावर पंचांगाचा शिक्का बसला. ज्योतिषी म्हणाले, सव्वापाच रत्तीचा नीलम, मधल्या बोटात, शनिवारी संध्याकाळी. अंगठी खालून उघडी हवी, खडा कातडीला टेकला पाहिजे.

मी काही नास्तिक नाही. दर शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या घरातलाच आहे. पण त्या खड्याची जी 'परीक्षा' झाली ती पाहिली आणि डोकं फिरलं.

नीलम म्हणे रंकाचा राव करतो, नाहीतर रावाचा रंक. म्हणून आधी तीन रात्री निळ्या फडक्यात बांधून उशीखाली ठेवायचा. वहिनीने कॅलेंडरच्या मागे जमाखर्च मांडला. पहिली रात्र, दादाला झोप नाही: अशुभ. (लाखाच्या वरचा दगड उशाशी घेऊन मलाही आली नसती.) दुसऱ्या दिवशी चार महिने रखडलेलं अठरा हजारांचं बिल निघालं: शुभ. संध्याकाळी दूध उतू गेलं. यावर अर्धा तास खल झाला. आई म्हणाली शुभ. वहिनी म्हणाली, नव्या घरात शुभ, एरवी ओटा पुसायचं काम. तिसऱ्या दिवशी गाडी पंक्चर. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, "बघा, मोठं काहीतरी छोट्यावर निभावलं!"

झाली अंगठी.

चांगलं झालं तर नीलममुळे, वाईट झालं तर याहून वाईट टळलं, फारच वाईट झालं तर 'तुम्हाला धार्जिणा नाही'. खडा कधी हरतच नाही. आणि निकाल द्यायला बसवलंय कुणाला, तर आधीच घाबरलेल्या माणसाला. मला चीड आहे ती याची.

बरं, शास्त्रातच बोलायचं तर तिथेही एकमत कुठे आहे? मामांच्या ओळखीच्या दुसऱ्या ज्योतिषांनी कपाळाला हात लावला. साडेसाती बघतात चंद्रराशीवरून, रत्न बघायचं लग्नावरून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीवरून. वृषभ-तूळ लग्नाला शनी योगकारक, म्हणजे खास शुभ, तिथे नीलम समजू शकतो. दादाचं कर्क लग्न. कुंडलीतल्या सातव्या आणि आठव्या घराचा मालक असलेल्या शनीला बळ कशाला देताय? दोघांनीही दक्षिणा घेतली.

रत्तीची तर वेगळीच गंमत. रत्ती म्हणजे आपली गुंज. तोळ्याला ९६ गुंजा, म्हणजे एक साधारण १२१ मिलिग्रॅमची. रत्नांच्या दुकानातली रत्ती मात्र १८२ च्या आसपास. २०० मिलिग्रॅमचा एक कॅरेट धरला तर जुन्या हिशेबाने सव्वापाच रत्ती म्हणजे ३.२ कॅरेट, दुकानाच्या हिशेबाने जवळजवळ ४.८. शनीला यातली कुठली रत्ती चालते ते कुणी विचारलं नाही, बिल मोठ्या रत्तीने झालं. वहिनीच्या पाटल्या त्यापायी बँकेत आहेत.

नंतर कळलं की सोबतच्या कार्डावर 'हीटेड' लिहिलंय. बाजारातले बहुतेक नीलम भट्टीत तापवून रंग खुलवलेलेच असतात, सांगून विकले तर त्यात लबाडी नाही. पण पहिले ज्योतिषी म्हणाले, तापवलेल्यात शक्ती राहत नाही. हे पाटल्या गहाण टाकायच्या आधी सांगता आलं असतं.

परवा जेवताना मी दादाला सांगत होतो, नीलम आणि माणिक मुळात एकच खनिज, कुरुविंद. लोह आणि टायटॅनियमने निळा होतो, क्रोमियमने लाल. शनी आणि सूर्य, बापलेकांचं हाडवैर, आणि दगड एकच! माझ्या घड्याळाची काचसुद्धा त्याचीच, कारखान्यात बनवलेली, बिनरंगी.

दादाने हात धुतला, माझं मनगट धरून ट्यूबलाइटखाली नेलं, काच बराच वेळ निरखली आणि हळूच विचारलं,

"तापवलेली आहे का रे ही?"