मागची स्त्री म्हणजे राणी नव्हे

देनारिअस या रोमन चांदीच्या नाण्याच्या फोटोखाली एक मजकूर हमखास फिरतो: ‘पुढे राणी, मागे देवीच्या रूपात तीच राणी. ही नाणी राणी स्वतः पाडत असे. चांदी शुद्ध, नाणे दुर्मीळ.’

मागची स्त्री बहुधा एखाद्या गुणाला दिलेले देवीरूप असते आणि ती कोण ते नाण्यावरच कोरलेले असते. अक्षरे बहुधा खालच्या डाव्या बाजूने सुरू होऊन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ दिसतो. ‘पुदिकितिआ’ म्हणजे शालीनता; ती बहुधा डोक्यावरचा पदर पुढे ओढताना दिसते. ‘फेकुन्दितास’ म्हणजे सुफलता, तिच्याजवळ मुले. ‘कॉन्कॉर्दिआ’, म्हणजे सलोखा, अर्घ्यपात्र धरते. अक्षरे झिजली की लोक समृद्धीशृंगावरून (फळाफुलांनी भरलेल्या शिंगावरून) नाव ठरवतात आणि तिथेच फसतात: शृंग कॉन्कॉर्दिआकडे असते, हिलारितास म्हणजे आनंद, तिच्याकडे असते, फेलिकितास म्हणजे सौभाग्य, तिच्याकडेही. दुसरा हात बघा. खजुराची लांब फांदी असेल तर हिलारितास, सर्पदंड असेल तर फेलिकितास.

हीच पुदिकितिआ साबिना, लुकिला, युलिया दोम्ना, युलिया माएसा अशा राजघराण्यातल्या कितीतरी जणींच्या नाण्यांवर आहे. खुद्द सम्राट हेड्रियनच्या देनारिअसवरही आहे. मग ती राणी कशी? दक्षिण भारतात सापडणाऱ्या सम्राट तिबेरिअसच्या देनारिअसवरील बसलेल्या स्त्रीला लिविया, म्हणजे त्याची आई, म्हणण्याचा प्रघात आहे खरा, पण तिथे कोरलेले ‘पोन्तिफ माक्सिम’ (मुख्य पुरोहित) हे सम्राटाचे पद आहे, तिचे नाव नव्हे.

राणी स्वतः नाणी पाडत असे, हे तर सम्राट आन्तोनिनुस पिउसची पत्नी थोरली फाउस्तिना हिच्या एका उदाहरणानेच कोसळते. ती इ.स. 140 च्या सुमारास वारली आणि तिची बहुतेक नाणी त्यानंतरची आहेत. त्यांवर ‘दिवा फाउस्तिना’, म्हणजे मृत्यूनंतर देवत्व दिलेली फाउस्तिना, असे लिहिले आहे. टांकसाळ सम्राटाची होती.

दुर्मीळ? थोरली फाउस्तिना आणि युलिया दोम्ना बाजारात सहज मिळतात. खरी दुर्मीळ नाणी 193 मधल्या मान्लिया स्कान्तिला आणि दिदिया क्लारा यांची, कारण मान्लियाचा पती आणि दिदियाचा पिता, सम्राट दिदिउस युलिआनुस, याची कारकीर्द जेमतेम 66 दिवसांची.

शुद्धतेचा दावा मात्र सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विसंबून नाणी घासली जातात. युलिया दोम्नाचा पती, सम्राट सेप्टिमिउस सेवेरस, याने देनारिअसमधली चांदी सुमारे निम्म्यावर आणली. बाकी मुख्यतः तांबे. दोम्नाच्या नाण्याला लिंबू किंवा चिंच लावली की आम्ल तांबे खाते, पृष्ठभागावरचा चांदीने समृद्ध पातळ थर घासून जातो आणि खाली खडबडीत, सच्छिद्र धातू उरतो. माती निघावी म्हणून नाणे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला आणि नंतर मऊ कापडाने फक्त टिपून घ्या.