किती एमएम उरलंय ते सांगा

साडेअकराचा फोन ठरलेला. सकाळी गाडी सर्व्हिसिंगला सोडायची, बेळगावच्या उद्यमबागेत आपल्या वर्कशॉपला येऊन मशीनपुढं उभं राहायचं, पहिला चहा होतोय न होतोय तोवर फोन वाजतो. "सर, गाडी चेक केली. बेसिक सर्व्हिस 5,200. पण थोडं रेकमेंडेड काम आहे, ते धरून 14,570 होईल. करून घेऊ का?" मागं कॉम्प्रेसर घरघरतोय, पुढं ऑपरेटर मशीनवरून काढलेला जॉब हातात धरून उभा. अशा वेळी माणूस 'करा' म्हणून मोकळा होतो. पहिली तीन वर्षं मी तेच म्हणत होतो. चौथ्या वर्षी डोकं फिरलं आणि 'यातलं काहीच नको' म्हणायला लागलो. दोन्ही चुकलं. दुसरं जास्त चुकलं.

वर जी रक्कम लिहिली ती त्या चौथ्या वर्षाचीच. जास्तीच्या 9,370 मध्ये काय काय होतं ते जॉब कार्डाच्या फोटोवरून उतरवून काढतो. अंडरबॉडी कोटिंग 3,200. इंटिरिअर एनरिचमेंट 1,450, म्हणजे डॅशबोर्डला तेल चोपडणं. एसी डिसइन्फेक्शन 1,150. चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग 1,000. उंदीर येऊ नयेत म्हणून स्प्रे 800. ब्रेक फ्लुइड 700. इंजिन फ्लश 650. पेट्रोलच्या टाकीत ओतायची बाटली 420. जॉब कार्ड इंग्रजीत, बाहेरचा फलक कन्नडात, फोनवरचा शोरूमचा ॲडव्हायझर हिंदीत आणि माझी चिडचिड मराठीत. "डॅशबोर्डला तेल चोपडायला साडेचौदाशे? सगळं काढून टाका ओ," म्हटलं. त्यानं बिचाऱ्यानं काढलं. हसून काढलं.

पुढच्या जुलैत गोव्यात साखळीला मामेबहिणीकडं निघालो. जांबोटी, कणकुंबी, पाऊस नुसता ओततोय. आपल्याकडून जाताना चोर्ला घाट चढायला तसा सोपा, कसोटी लागते ती पलीकडं केरीकडं उतरताना. पुढं लोड ट्रक. मी त्याच्या मागं, तिसऱ्या गिअरात, सारखा पाय ब्रेकवर. ही माझीच चूक, दुसऱ्यात घालायला हवी होती. अर्ध्या घाटात पेडल स्पंजासारखं लागलं. दाबलं तर आत जातंय, पण गाडी धरत नाही. दोन-तीनदा पंप मारला, दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक हळूहळू ओढत कडेला एका सपाट जागी घेतली. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही पोरं. आईला काही कळलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं थांबलास, धबधबा बघूया."

अर्ध्या तासानं पेडल परत कडक झालं. साखळीला एका गॅरेजवाल्यानं पेनासारखं टेस्टर फ्लुइडच्या डबीत बुडवलं तर थेट लाल दिवा. त्या टेस्टरवर तीन टक्क्यांच्या वर पाणी गेलं की लाल लागतो. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं, तो त्याचा स्वभावच आहे. नव्या डॉट-4 फ्लुइडला उकळायला किमान 230 अंश लागतात. ओलावा धरलेलं फ्लुइड 155 च्या आसपाससुद्धा उकळू शकतं. उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की डिस्क तापतात, फ्लुइड उकळतं, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. म्हणून पेडल जमिनीला टेकतं आणि ब्रेक काही लागत नाही.

माझ्या गाडीच्या पुस्तकात दर दोन वर्षांनी फ्लुइड बदला असं छापलंय. दुसऱ्या वर्षी बदललं होतं. चौथ्या वर्षी तेल चोपडण्याच्या रागात मी तेही उडवलं. बायकोनं परत येताना एवढंच विचारलं, "सातशे रुपये?" त्यानंतर खानापूरपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

या सगळ्यात माझी मलाच जास्त लाज वाटली, कारण आमचा धंदाच मापाचा आहे. शॉपमध्ये कुणी येऊन सांगितलं, "साहेब, जॉबचा बोअर (आतलं भोक) थोडा मोठा वाटतोय," तर त्याला आम्ही परत पाठवतो. वाटतोय म्हणजे काय? गेज लाव, आकडा सांग. दोन शतांश एमएमसाठी अख्खी लॉट रिजेक्ट होऊन परत आलेली मी बघितली आहे. आणि हाच मी गाडीच्या बाबतीत 'पॅड थोडे घासलेत सर', 'बॅटरी वीक वाटते सर' असली वाक्यं ऐकून एक तर पैसे देत होतो, नाही तर भांडत होतो. आकडा एकदाही विचारला नव्हता.

आता विचारतो. ब्रेक पॅड किती एमएम उरलेत? नवा पॅड साधारण दहा एमएमच्या आसपास असतो, तीनच्या खाली आला की बदलायचा. गेल्या वेळी "घासलेत" म्हणाले, मापायला लावले तर पुढचे सहा निघाले. म्हणजे अजून बरंच चालतील. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी, मग पुढची लोड टेस्ट करा आणि चिठ्ठी द्या. टायरच्या खाचांमध्ये 1.6 एमएम उंचीच्या बारीक पट्ट्या असतात, रबर त्यांना येऊन भिडलं की टायर संपला. हे बघायला तर व्हर्निअरही लागत नाही, खाली वाकलं की झालं. अलाइनमेंटला मी उलट कधीच नाही म्हणत नाही, आपल्याकडच्या रस्त्यांवर पावसाळा संपल्यावर ती करावीच लागते. पण आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागतो. मशीन तो देतंच. आधीचे सगळे आकडे हिरव्यातच, म्हणजे मर्यादेतच असतील तर हजार रुपये कशाचे?

प्रिंट मागितला की काय होतं ते एकदा करून बघा. चेहरा बघण्यासारखा होतो.

पण सगळंच मोजता येत नाही, हेही खरं. इंजिन ऑइल काळं दिसतं म्हणजे खराब असं नाही, आणि बरं दिसतं म्हणजे चांगलं असंही नाही. तिथं गाडीच्या पुस्तकावर जायचं. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत तसंच असतं, बहुतेकांनी ती पिशवीसुद्धा फोडलेली नसते. त्यात दर दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं काहीसं दिलेलं असतं. पण त्याच्याच पुढं खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो. धुळीचे रस्ते, घाट, सारख्या छोट्या फेऱ्या. वाचलं तर आपण सगळे त्यातच बसतो. माझी गाडी रोज टिळकवाडी ते उद्यमबाग, चार किलोमीटर. तेवढ्यात ऑइल धड तापत नाही, आतली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही. वर्षाला सहा हजारच होतात, तरी वर्ष झालं की मी ऑइल बदलतो, कुरकुर न करता. निपाणीचा माझा मेव्हणा हायवेवर पळतो, त्याचे दहा हजार चार महिन्यांत होतात. त्याला वर्षाचा हिशेब लागू नाही, किलोमीटरचा लागू. त्याचं ऐकून मी आणि माझं ऐकून तो, असं केलं तर दोघंही फसू. एअर फिल्टरचंही तसंच. गळिताच्या हंगामात संकेश्वर, चिकोडीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागं रोज जाणाऱ्याचा फिल्टर आणि माझा फिल्टर एकाच दिवशी कसा भरेल?

राहिलं मधलं. न मोजता येणारं आणि पुस्तकातही नसलेलं. इंजिन फ्लश पुस्तकात नाही. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात धुण्यासारखं फारसं नसतं, ऑइलमध्येच साफ करणारे घटक घातलेले असतात. पेट्रोलची बाटली, सायलेन्सर कोटिंग, एनरिचमेंट, नाही म्हणजे नाही. टायरमध्ये नायट्रोजन? आपण श्वास घेतो त्या हवेत 78 टक्के तोच आहे, फुकट देत असतील तर भरा. एसीला वास येत असेल तर आधी केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो, दहा मिनिटांचं काम, यूट्यूब बघून माझ्या आठवीतल्या पोरानं केलं. त्यात निघालेली वाळकी पानं आणि पिसं बघून बायकोनं पुन्हा एकदा तेच तोंड केलं.

अंडरबॉडी कोटिंगवर मात्र मी ठाम नाही. कंपनीतून निघतानाच खाली रंगाचा आणि सीलंटचा थर असतो. पण कणकुंबी-खानापूर भागात गाडी ठेवणारा, किंवा दर आठवड्याला समुद्रकाठी जाणारा, नवी असताना एकदा नीट करून घेईल तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. दरवर्षी लाल चिखलावरच काळं फासणं मात्र उलट वाईट, ओल आत कोंडते. आधी जॅकवर घेऊन धुतलं का, वाळवलं का, हे उभं राहून बघा.

आणि उंदीर. आठशेच्या स्प्रेऐवजी मेव्हण्याचा उपाय म्हणजे निपाणीचा तंबाखू, पुरचुंडी बांधून बॉनेटमध्ये. उंदीर गेले की नाही सांगता येत नाही. गाडीत बसलं की विडीच्या कारखान्यात बसल्यासारखं वाटतं, एवढं खरं. शिवाय पुरचुंडी बेल्टमध्ये किंवा गरम एक्झॉस्टवर पडली तर काय, हे त्याला विचारलं तर तो विषय बदलतो. मी तारेची जाळी लावली.

आता त्या ॲडव्हायझरबद्दल. त्याला चोर म्हणणाऱ्यांत मी नाही. माझ्या ओळखीचा एक पोरगा त्याच कामात होता. महिन्याला 'व्हीएएस'चं टार्गेट, म्हणजे अशी वरची कामं किती रुपयांची विकली त्याचं. ब्रेक फ्लुइड विकून त्याचं टार्गेट भरत नाही, कोटिंग विकून भरतं. म्हणून यादीत कोटिंग वर आणि फ्लुइड खाली असतं. यादी पैशाच्या क्रमानं लावलेली असते आणि आपण ती गरजेच्या क्रमानं वाचतो. घोळ तिथंच होतो.

"बाहेर केलं तर वॉरंटी जाईल" हे वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं असेल. 2014 साली स्पर्धा आयोगानं 14 गाडी कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. पुढं अपिलं झाली. वॉरंटी असेतोवर मी गुमान शोरूमलाच गेलो, वाद घालायला मला सुट्टी नाही. वॉरंटी संपली तसं अनगोळ रस्त्यावरच्या मिस्त्रींकडं ब्रेक आणि सस्पेन्शन, शोरूमला ऑइल, अशी वाटणी केली. मिस्त्री जुना पार्ट काढून हातात देतात, न मागता. शोरूमला मागावा लागतो, पण मागितला की तिथंही देतात.

यंदाचं सांगतो. साडेअकराला फोन आला. ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड आणि अलाइनमेंट एवढ्यालाच हो म्हटलं. अलाइनमेंटच्या प्रिंटवर पुढचं डावं चाक लाल होतं, म्हणजे पैसे वसूल. बिल 6,940. मागचे दोन टायर 2.1 एमएमवर आलेत. गणपतीला घाट उतरायचा आहे, तेव्हा ते त्याच्या आधी बदलायचेच. बेळगावात कुणाकडं बरा दर चालू असेल तर खाली लिहा.