थोडं अजून खालून घ्या!

फ्लायओव्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अर्धवट खांब, बाहेर डोकावणाऱ्या सळ्या आणि ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ अशी पाटी येते. इथे विषय वेगळा आहे. अमेरिकेत फुटबॉलची मोठी मॅच असली की राष्ट्रगीताच्या शेवटच्या ओळीला स्टेडियमवरून लष्कराची विमानं गर्जत जातात, त्यालाही फ्लायओव्हरच म्हणतात. आपल्याकडच्या फ्लायओव्हरपायी कोणी घरी बसल्याचं फारसं ऐकू येत नाही. त्यांच्याकडे मात्र बसतात. तेव्हा तुम्ही तरुण असाल, छातीवर वैमानिकाचे पंख ताजे लागले असतील आणि ते लवकरात लवकर उतरवून ठेवायची इच्छा असेल, तर पुढचं नीट वाचा.

आधी नियम समजून घ्या, नाहीतर मोडणार काय? वस्तीवरून जाताना आसपासच्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर किमान १,००० फूट. स्टेडियममधला सगळ्यात उंच अडथळा म्हणजे दिव्यांचा खांब, धावफलक किंवा प्रेस बॉक्स, म्हणजे पत्रकार बसतात ती वरची खोली. इथे एक सोय करून ठेवलेली आहे. विमानातला उंचीमापक एरवी समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. म्हणजे त्या गावाची उंची घ्या, त्यात प्रेस बॉक्सची मिळवा, वर १,००० धरा. तिसरीतली बेरीज आहे, आणि म्हणूनच चौकशीत सांगायला बरी: साहेब, हातचा धरायचा राहिला.

आता आदर्श कोणाचा ठेवायचा? बेधडक आयोवाचा ठेवा. २० नोव्हेंबर २०१०, किनिक स्टेडियम, समोर ओहायो स्टेटचा संघ, सत्तर हजार माणसं उभी, हात छातीवर. ओक्लाहोमातल्या व्हान्स तळावरून आलेली चार टी-३८ प्रशिक्षण विमानं प्रेस बॉक्सच्या माथ्यावरून गेली. तपासात निघालेलं अंतर: १६ फूट. दहीहंडीच्या हिशेबात सांगायचं तर त्या छतावर तीन थर लागले असते आणि वरच्या गोविंदाने हात उंच केला असता, तर मडकं सोडून विमानच हाताला लागलं असतं. वेग सुमारे ४०० नॉट, म्हणजे ताशी साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. आणि लक्षात घ्या, ही प्रशिक्षणाची विमानं. दुसऱ्यांना शिकवायची.

प्रेक्षक खूश. खुशीचं काय सांगावं, घरचा संघ २०-१७ असा हरला तरी लोकांच्या तोंडी विमानंच. पुढे म्होरक्याचा उडण्याचा हक्क गेला, तो भाग प्रेक्षकांनी पाहिला नाही, कारण त्याला राष्ट्रगीत नव्हतं.

या ठिकाणी एखादा शहाणा विचारील, की एवढं खालून गेल्याने जास्त काय दिसतं? काहीच नाही. उलट कमी दिसतं. हजार फुटांवरून विमान येताना दिसतं, डोक्यावर दिसतं, जाताना दिसतं. पोराला बोट करून दाखवायला वेळ मिळतो. सोळा फुटांवरून ४०० नॉटने गेलं तर अख्खं मैदान अर्ध्या सेकंदात संपतं. शेंगदाणा तोंडात टाकायला मान खाली घातलेल्या माणसाला विमान दिसतच नाही, नुसता कानठळ्या बसवणारा आवाज येतो आणि हातातली बिअर मांडीवर सांडते. त्या अर्ध्या सेकंदासाठी तुम्ही सगळी कारकीर्द लावायची आहे. सौदा नीट बघून घ्या.

त्यापेक्षा खरं कसब कुठे आहे तर ठरल्या क्षणी पोचण्यात, पण त्याला टाळ्या नाहीत, म्हणून आपण ते लवकर आटपू. विमानं काही मैलांवर घिरट्या घालत थांबतात, मैदानात एकजण रेडिओ घेऊन उभा असतो आणि गाणं कुठवर आलं ते सांगत राहतो. सगळा हिशेब सेकंदांचा. गायिकेला भरून आलं आणि तिने शेवटचा सूर पाच सेकंद जास्त धरला, की ३०० नॉटने जाणारे तुम्ही पाऊण किलोमीटर पुढे निघून गेलेले असता. हे जुळवून आणणारा वैमानिक बिनचूक वेळेवर, बिनचूक उंचीवरून जातो, परततो आणि जेवतो. त्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं.

पुढची सूचना महत्त्वाची: चाहत्यांना जपा. चौकशी समितीपेक्षा त्यांची भीती जास्त. तुमच्यावर जीव ओवाळून टाकणारा प्रत्येकजण हातात फोन धरून उभा असतो. तो व्हिडिओ काढतो, ‘काय दम आहे यार!’ असं लिहून घरी पोचायच्या आत जगाला दाखवतो. मग प्रेस बॉक्सची उंची माहीत असलेला कोणीही विमानाची उंची मोजू शकतो. तुमच्याविरुद्ध पुरावा गोळा करणारे झाडून सगळे तुमचेच भक्त.

आयोवावर भागत नसेल तर अटलांटा आहे. २००९च्या नोव्हेंबरात जॉर्जिया टेकच्या मॅचला नौदलाची दोन एफ/ए-१८ लढाऊ विमानं अशीच ‘खालून’ गेली आणि वैमानिक जमिनीवर आले, कायमचे. हेलिकॉप्टरवाल्यांनीही नाराज होऊ नये. नोव्हेंबर २०२१मध्ये नॅशव्हिलला लष्कराच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या चार हेलिकॉप्टरांनी खेळाआधी अशी काही सलामी दिली की पाहणाऱ्याला ती स्टेडियमच्या वरून नव्हे, आतून चालली आहेत असं वाटावं. कार्यक्रमाचं नाव सैन्याला मानवंदना. मानवंदना झाली, मग चौकशी झाली.

आता तुम्ही म्हणाल, जोहान्सबर्गचं काय? २४ जून १९९५, एलिस पार्क, रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि प्रवासी कंपनीचं अख्खं ७४७ स्टेडियमवरून खाली, पंखांच्या पोटाला संघासाठी शुभेच्छा रंगवलेल्या. एकदा नाही, दोनदा. आणि तो कॅप्टन लॉरी के तर आयुष्यभर लोकांचा लाडका! खरंय. पण त्याने आधी परवानगी काढली होती, म्हणून आपल्या कामाचा नाही. शिवाय त्याचा संघ जिंकला. आपल्या हवाई दलाच्या सूर्यकिरणवाल्यांनीही २०२३ला अहमदाबादच्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी सगळं शिस्तीत केलं. (तिथला निकाल मी लिहीत नाही, तुम्हीही आठवू नका.)

बरोबर जोहान्सबर्गच्या एक वर्ष आधीची तारीख, २४ जून १९९४, तुम्हाला कोणी सांगणार नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या फेअरचाइल्ड तळावर एअर शोची रंगीत तालीम चालू होती. बी-५२ हे अवजड बॉम्बफेकी विमान चालवणारा लेफ्टनंट कर्नल तळावरचा नावाजलेला गडी. खालून जाणं, विमान नको तितकं वाकवणं, हे त्याने आधीच्या शोमध्येही केलं होतं. लोक बोलले, वरिष्ठ बदलले, तक्रारी तोंडीच राहिल्या. शिस्तभंगाची झळ बसायची नसेल तर असे वरिष्ठ शोधावेत. एका स्क्वाड्रन कमांडरने मात्र ठरवलं होतं, की माझी पोरं याच्याबरोबर पाठवणार नाही, गेलो तर मी जाईन. तो गेला. त्या दिवशी कंट्रोल टॉवरभोवती सुमारे २५० फुटांवरून घट्ट वळण घेताना आठ इंजिनांचं ते धूड नव्वद अंशांपलीकडे कललं आणि खाली आलं. चौघे गेले, त्यात तो कमांडरही. त्याची बायकोमुलं बघत होती.

असो. तुम्हाला अगदी बिनधोक सलामी द्यायची असेल तर तीही सोय आहे. ६ फेब्रुवारी २०११, टेक्सास, सुपर बोल, म्हणजे त्यांच्या फुटबॉलचा अंतिम सामना. नौदलाची चार एफ/ए-१८ बरोबर वेळेवर, बरोबर उंचीवरून स्टेडियमवर आली. स्टेडियमचं छत बंद होतं. आत बसलेल्यांनी माना वर केल्या आणि मैदानावर टांगलेल्या मोठ्या पडद्यावर विमानं बघितली. टाळ्याही वाजवल्या.