कुंपणाची उंची मोजायची तरी कुठून?

पुरे झालं आता! मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला लागू असलेली 2020 ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली सांगते, कुंपणाची भिंत दीड मीटरच. 2.4 मीटर हवी असेल, तर वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा, आरपार दिसणारा. मान्य! पण ही उंची मोजायची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून. तो रस्ता एका पातळीवर राहतो का? जुना थर न खरवडता डांबरावर डांबर, मग वर काँक्रीट! आमची भिंत तसूभर हलली नाही, तरी दर दोन वर्षांनी बुटकी होतेय. पावसाचं पाणी थेट ओट्यावर. दोन विटा चढवायच्या म्हटलं की अर्ज द्या, नकाशा द्या, मोजणी आणा! रस्ता उंचावणाऱ्याकडे कुणी नकाशा मागितला होता?

कोपऱ्यावरच्या प्लॉटला चौकाकडच्या दहा मीटरांत पक्की भिंत फक्त 0.75 मीटर, वळताना समोरचं दिसावं म्हणून. अगदी योग्य. मग त्याच वळणावर माणसापेक्षा उंच फ्लेक्स कसा? टपरी कशी? शाळेतली पोरं सायकलवरून तिथेच वळतात हो!