रात्री साडेबारा ते साडेतीनचं सौर वादळ: तो फॉरवर्ड किती खरा?

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. "आज रात्री १२.३० ते ३.३० सौर वादळ धडकणार, घातक रेडिएशन येणार, मोबाईल बंद करून लांब ठेवा, नासाने सांगितलंय." तारीख कुठेच नाही, म्हणजे 'आज' कधीचं ते विचारायचं नाही.

आधी टायमिंग, कारण खरी गोम तिथेच आहे. सूर्यावरून प्लाझ्माचा (तापलेल्या, विद्युतभारित वायूचा) लोट सुटला की इथे पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात आणि मॉडेल लावून काढलेली वेळ दहा-बारा तास मागेपुढे होणं अगदी नॉर्मल. त्यातही वादळ किती जोरात बसणार ते त्या लोटातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलंय का यावर ठरतं, आणि ते नीट कळतं लोट पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवरच्या एल-१ या जागेजवळच्या यानांवरून गेला की (आपलं आदित्य यान पण तिथेच आहे), मग हातात उरतो फार तर तासभर. आता बोला, साडेबारा ते साडेतीनचं टाइमटेबल कुणी छापलं?

"नासाने सांगितलंय." अमेरिकेत हे अंदाज आणि इशारे नासा नाही, नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेचं बोल्डर शहरातलं सेंटर देतं, जी-१ (सौम्य) ते जी-५ (सगळ्यात तीव्र) अशा पट्टीवर. मे २०२४ ला त्यांनी जी-४ चा इशारा दिला होता आणि आलं जी-५, २००३ नंतर पहिल्यांदाच. एवढी तयारी असून ही गत, आणि फॉरवर्डवाल्याला मिनिटं पण माहीत!

मोबाईल आणि रेडिएशनचं तर काही खरंच नाही. जमिनीवर आपल्याला वातावरण आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सांभाळतं. त्याच मे महिन्यात लडाखच्या हानलेत आकाश लाल दिसलं, आणि जगभर लोक ते ऑरोरा (सौर वादळात आकाशात दिसणारे रंगीत प्रकाश) मोबाईलनेच टिपत होते, हातात धरून.

पण "सगळं थोतांड" म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. १९८९ ला सौर वादळामुळे कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर साध्याच वादळाने वरचं वातावरण फुगलं, घर्षण वाढलं आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे (इंटरनेट देणारे) ४० च्या आसपास उपग्रह खाली येऊन जळाले. १८५९ च्या मोठ्या वादळाची चुंबकीय नोंद आपल्या मुंबईत कुलाबा वेधशाळेत झालीय, शास्त्रज्ञ आजही ती वापरतात. म्हणजे धोका आहे तो ग्रिड, सॅटेलाईट, जीपीएस आणि रेडिओवाल्यांना, उशाशी ठेवलेल्या फोनला नाही.