स्वमत तयार मिळेल

पुस्तक वाचून मुलांनी मनापासून चार ओळी लिहाव्यात, असं तुम्हाला वाटत असेल तर आधी एक पथ्य पाळा. मुलांना पुस्तक वाचू देऊ नका. वाचलं की त्यांना काहीबाही वाटायला लागतं, आणि जे वाटतं त्याला गुण कसे द्यायचे ते कुठे छापलेलं नाही.

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली ‘स्वमत’ विचारतात, ३ गुणांना. स्व म्हणजे स्वतःचं. हे स्वतःचं मत गाईडमध्ये तयार मिळतं आणि वर्गातल्या साठही पोरांचं ते एकच निघतं. इतकं एकमत आपल्या सोलापुरात दुसऱ्या कशावर झालंय, सांगा बघू. तेव्हा दहावीची वाट बघू नका, पाचवीपासूनच सवय लावा.

फळ्यावर साचा लिहून द्यायचा. आधी लेखकाची माहिती, मग सारांश, शेवटी ‘या पुस्तकातून मला असे शिकायला मिळाले की’. त्या ‘की’च्या पुढची जागाही मोकळी सोडायची नाही. मोकळी जागा दिसली की पोरं तिथं स्वतः येऊन बसतात. जकार्ड मागावर नक्षीचे पत्ते एकदा चढवले की हजारावी चादरही पहिलीसारखीच उतरते, हे सोलापूरकराला वेगळं शिकवायला नको.

विशेषणं मात्र सढळ हातानं द्या. ‘हृदयस्पर्शी’ कुठल्याही पुस्तकाला चालतं. ‘अथांग सागर’ तर हवाच. समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर असेना, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत असेना. वहीत सागर अथांगच पाहिजे. हल्ली फोनला सांगितलं तरी तो मन भरून लिहून देतो. त्याचं मन आपल्यापेक्षा मोठं आहे.

आणि पालकहो, पोराला हिराचंद नेमचंद वाचनालयात नेऊन कपाटापुढं मोकळं सोडण्याची चूक करू नका. तिथं ते स्वतः पुस्तक निवडतं. निवडलेलं पुस्तक आवडलं नाही तर तसं म्हणतं. ‘कंटाळा आला, पान वीसला सोडलं’ असं एका पोरानं खरंच लिहून आणलं होतं. का कंटाळा आला, नेमका कुठल्या ओळीला आला, असं विचारायचा मोह मला झाला होता. पण त्यात अख्खा तास गेला असता आणि पोरगं विचार करायला लागलं असतं ते वेगळंच.

दुसऱ्या एकाला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चरित्र दिलं. अपेक्षा साधी होती: १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला, १९४२ मध्ये तिथंच निधन, मला असे शिकायला मिळाले की त्याग. हा पठ्ठ्या सायकल काढून त्यांचं स्मारक बघून आला आणि लिहिलं, ‘ते गेले तेव्हा फक्त बत्तीस वर्षांचे होते. ही बातमी घरच्यांना किती दिवसांनी कळली असेल? पत्र कुणी उघडलं असेल?’ मी शेरा मारला: विषयांतर. उत्तर मलाही माहीत नव्हतं, आणि मास्तरला माहीत नाही ते अभ्यासक्रमात नसतं.

सगळ्यात जास्त त्रास ‘श्यामची आई’नं दिला. खरं तर त्याच्याएवढं सोपं दुसरं पुस्तक नाही. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हा पहिला परिच्छेद. मातृप्रेम, हा बाकीचा सगळा. शहराच्या पूर्वभागातली एक मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, मराठी जपून लिहिणारी. पोहायला जायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, तिथपर्यंत ती आली होती. तिनं लिहिलं:

‘मला श्यामच्या आईचा राग आला. मग श्यामचा पण आला. माझी आई दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. हजार झाल्याशिवाय उठत नाही. मी पोहायला शिकले का, तिला माहीत नाही. तिला मला मारायला पण वेळ नसतो.’

आता याला ३ पैकी किती द्यायचे? लेखकाची माहिती नाही. सारांश नाही. सागर नाही. आईवर राग! मी तांबड्या शाईनं आडवी रेघ मारली, साचा पुन्हा समजावला आणि लिहून आण म्हणालो. दुसऱ्या दिवशी आणलं. अक्षर सुंदर, समास सोडलेला, ‘आईचे प्रेम हे अथांग सागरासारखे असते’. ३ पैकी ३ दिले, वर्गात वाचून दाखवलं, टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावरही ती पुस्तक छातीशी धरून टेबलापाशी उभीच.

“काय गं?”

“सर, परवा देऊ का पुस्तक? अजून लई रात्री राहिल्यात.”

म्हणजे पुस्तकातल्या. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत.

“स्वमत झालं ना तुझं? मग कपाटात ठेव,” म्हटलं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, फोटोला कोरी दिसणारी प्रत लागते.