लवादाच्या निवाड्याला कोर्टाचा शिक्का लागतो का?

लवाद म्हणजे वाद मिटवायला कोर्टाऐवजी नेमलेला पंच. त्याच्या निवाड्याबद्दल व्यावसायिकांमध्ये एक मेसेज फिरतो आहे: 'कोर्टाने कायम केल्याशिवाय लवादाचा निवाडा म्हणजे नुसता कागद. समोरच्याने त्याला आव्हान दिलं की वसुली थांबलीच. आणि आता 2025 च्या निकालामुळे कोर्ट रक्कमही बदलून देतं.' पहिली दोन विधानं जुन्या कायद्यातली आहेत. तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तेच जास्त फसवं.

शिक्क्याची गोष्ट 1940 च्या लवाद कायद्यातली. तेव्हा निवाडा कोर्टात दाखल करून त्यावर हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) मिळवावा लागे. 1996 च्या कायद्याने तो टप्पाच काढून टाकला. आव्हानाची मुदत संपली की कलम 36 प्रमाणे थेट दरखास्त (बजावणीचा अर्ज) दाखल करता येते, निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बजावला जातो. परदेशी निवाड्याचा रस्ता मात्र वेगळा आहे: तो बजावण्याजोगा आहे अशी आधी कोर्टाची खात्री पटावी लागते.

आव्हान दिलं की आपोआप स्थगिती, हे 2015 च्या दुरुस्तीने संपलं. आता स्थगितीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. पैशांचा निवाडा असेल तर कोर्ट बहुधा रक्कम भरायला लावतं किंवा तारण मागतं.

आता रक्कम बदलण्याचं. 2021 मध्ये हकीम प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की कलम 34 खाली, म्हणजे निवाड्याला आव्हान देण्याच्या कारवाईत, निवाडा बदलता येत नाही. 30 एप्रिल 2025 रोजी गायत्री बालसामी प्रकरणात घटनापीठाने 4 विरुद्ध 1 मताने दार किलकिलं केलं, सताड उघडलं नाही. निवाड्याचा सदोष भाग बाकीच्यापासून सुटा होत असेल तर तेवढाच वगळता येतो, उघड दिसणारी लेखन-आकडेमोडीची चूक सुधारता येते, काही परिस्थितीत निवाड्यानंतरच्या व्याजात बदल करता येतो. पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचा, राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 चा अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा, तोही जपून वापरायचा. समजा, निवाड्यात 4, 3 आणि 2 लाखांची बिलं मान्य केली आणि बेरीज 10 लाख लिहिली. कोर्ट 9 लाख करील. 'दुसरं बिल 2 लाखांचंच मान्य करायला हवं होतं' हे मात्र ऐकणार नाही. ते पुराव्याचं नव्याने मोजमाप झालं, आणि कलम 34 मधली कारवाई म्हणजे अपील नव्हे.

तरी बेरीज चुकली म्हणून आधी कोर्टात धावू नये. निवाडा मिळाल्यापासून 30 दिवसांत, समोरच्याला नोटीस देऊन, कलम 33 खाली लवादाकडेच अर्ज करावा. असा अर्ज केला असेल तर आव्हानाची मुदत तो निकाली निघाल्याच्या तारखेपासून मोजतात. मात्र मुद्द्यांवर फेरविचार मागणारा अर्ज कलम 33 चं नाव देऊन टाकला तर ही सवलत मिळेलच असं धरून चालू नये.

आव्हानाची मूळ मुदत तीन महिन्यांची. ते कॅलेंडरचे महिने, 90 दिवस नव्हेत. सबळ कारण दाखवलं तर वर 30 दिवस मिळतात, त्यानंतर एक दिवसही नाही, विलंबमाफीचा अर्जही चालत नाही. मोजणी सुरू होते सहीची प्रत खुद्द पक्षकाराला मिळाल्यापासून. वकिलाकडे पोचलेली प्रत त्यासाठी पुरत नाही. म्हणून प्रत कधी आणि कुणाच्या हाती दिली, त्याची पोच जपून ठेवा.